मोजल्याशिवाय ओळख नाही

मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपुरात उतावळी नदीच्या काठी शाहनवाज खानाची कबर आहे. सगळं शहर तिला 'काला ताजमहल' म्हणतं. शाहनवाज हा मुघल सरदार अब्दुल रहीम खानखानानचा मुलगा. त्याची ही कबर १६२२-२३ च्या सुमाराची, म्हणजे मुमताजमहलचा याच शहरात १७ जून १६३१ रोजी मृत्यू झाला त्याच्याही आधीची. तरी पाहायला येणारा माणूस तिच्याकडे ताजमहालाची लहान, काळसर नक्कल म्हणून पाहतो, फोटो काढतो आणि पुढच्या ठिकाणाकडे निघतो. ज्यानं या कबरीचं मॉडेल करायला घेतलं आहे, त्याला मात्र असं पाहणं जमणार नाही. आग्र्याचे चार मिनार चौथऱ्याच्या कोपऱ्यांवर मुख्य इमारतीपासून सुटे उभे आहेत आणि इथले मिनार इमारतीच्याच कोपऱ्यांना लागून वर गेले आहेत, हे त्याला पहिल्याच दिवशी कळेल. मग घुमटाची रुंदी आणि भिंतीची उंची यांचं नातं त्याला नव्यानं मोजावं लागेल. कारण ताजमहालाची मापं इथे लागू पडत नाहीत. अशी मोजामोज करता करता ही इमारत कुणाची नक्कल नाही, ती स्वतःच्या हिशेबानं उभी आहे, हे त्याच्या लक्षात येईल.

माझं म्हणणं एवढंच आहे की एखादी वस्तू ठरावीक प्रमाणात लहान करून बांधणं हा ती वस्तू जाणून घेण्याचा एक पक्का मार्ग आहे. वाचून, ऐकून किंवा फोटो पाहून जे ज्ञान मिळतं, त्याहून हे वेगळं आहे, आणि त्याची आपल्याला गरज आहे. प्लास्टिकच्या स्केल मॉडेलचा छंद आपल्याकडे थोड्या लोकांपुरता राहिला आहे. बाकीचे त्याला महागडा, परदेशी, मोठ्या माणसांचा खेळ समजतात. हा समज बदलायला हवा, आणि या छंदात असलेल्यांनीही आपल्या टेबलावर काय ठेवायचं याचा नव्यानं विचार करायला हवा.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. किटच्या डब्यात पॉलिस्टायरीनच्या चौकटीत अडकलेले सुटे भाग येतात. ते कटरनं सोडवायचे, कानस आणि सँडपेपरनं घासायचे, सॉल्व्हंटनं चिकटवायचे, फटी पुट्टीनं भरायच्या, प्रायमर मारायचा, रंग द्यायचा आणि शेवटी पाण्यात भिजवून डिकल बसवायचे. एका विमानाला काही आठवडे लागतात, मोठ्या जहाजाला वर्षही लागतं. यात एक आकडा सतत सोबत असतो. १/७२ म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट मॉडेलवर एक इंच होतात. १/४८ मध्ये चार फुटांचा एक इंच होतो. हा आकडा सुटला की मॉडेलचं खेळणं होतं.

या आकड्याची ताकद १९४२ साली एका मोठ्या कामात दिसली. दुसऱ्या महायुद्धात उतरलेल्या अमेरिकी नौदलाला आपल्या तोफचींना शत्रूचं आणि मित्राचं विमान लांबून ओळखायला शिकवायचं होतं. त्यांनी देशभरच्या शाळांतल्या मुलांकडे पाच लाख मॉडेलं मागितली. ती लाकडाची, १/७२ प्रमाणातली आणि पक्क्या नकाशांवरून केलेली हवी होती. पस्तीस फुटांवर धरलेलं असं मॉडेल डोळ्याला २,५२० फुटांवरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. प्रमाण चुकलं तर हे सारं शिक्षण खोटं पडलं असतं. शाळकरी मुलांच्या हातावर आणि पट्टीवर एका देशाच्या नौदलानं विश्वास टाकला, ही मला या छंदाच्या इतिहासातली सर्वांत बोलकी घटना वाटते.

प्लास्टिकच्या किटच्या सुरुवातीच्या इतिहासातही अशी कामाची गरज दिसते. इंग्लंडमध्ये फ्रॉग कंपनीनं १९३६ साली १/७२ ची प्लास्टिक विमानं विकायला काढली. एअरफिक्स या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीचं पहिलं मॉडेल लढाऊ विमानाचं नव्हतं, ते फर्ग्युसन ट्रॅक्टरचं होतं. ट्रॅक्टर विकणाऱ्यांना गिऱ्हाइकाला दाखवायला एक नमुना हवा होता, म्हणून ते १९४९ च्या सुमारास तयार झालं. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी 'गोल्डन हाइंड' हे जहाज साध्या पिशवीत घालून वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांना विकायला ठेवलं, तेव्हा हा छंद कामगारांच्या मुलांच्याही हाती आला.

या छंदाच्या विरोधात पहिला मुद्दा नेहमी येतो तो असा की सगळे भाग कारखान्यातून तयार येतात, कागदावर क्रमांक दिलेले असतात, मग यात माणसाची स्वतःची निर्मिती कुठे आहे? हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. नुसतं क्रमांक पाहून चिकटवत गेलं तर त्यात फारसं काही घडत नाही. पण चांगला मॉडेलकार तसं करत नाही, आणि करूही शकत नाही, कारण वस्तू लहान करताना तिचा प्रत्येक तपशील त्याच मापात लहान करता येत नाही. विमानाच्या पत्र्यांमधली रेघ साच्यात ०.२ मिलिमीटर रुंद कोरली, तर १/७२ च्या हिशेबानं खऱ्या विमानावर ती चौदा मिलिमीटरहून रुंद फट होते. अशा फटीचं विमान कुणी उडवणार नाही. पण ती रेघ खऱ्या प्रमाणात कोरली तर दिसणारच नाही. मग काय करायचं? किती खोल ठेवायची, कुठे बुजवायची, रंगानं किती उठवायची? रंगाचंही तसंच. लांबून पाहिलेला गडद रंग हवेमुळे फिका दिसतो, म्हणून डब्यावर लिहिलेला नेमका रंग लहान मॉडेलवर जड वाटतो. त्यात किती पांढरा मिसळायचा, हे कुठलीही सूचनापत्रिका सांगत नाही. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. चित्रकार आणि लेखक जो निर्णय घेतात, तोच हा आहे.

शिवाय सूचनापत्रिका इंग्लंडच्या किंवा जपानच्या हवेत लिहिलेली असते. तापीच्या खोऱ्यात मे महिन्यात एअरब्रशमधून निघालेला रंग भागावर बसायच्या आधीच हवेत सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. तिथे रंग उशिरा सुकवणारा रिटार्डर घालून, पहाटे काम करून मार्ग काढावा लागतो. पावसाळ्यात वार्निश मारलं तर हवेतल्या ओलीमुळे ते दुधाळ होतं. इथला मॉडेलकार हे सगळं स्वतः शिकतो. हे शिकणं कारागिराचं आहे, आणि बुऱ्हाणपुरासारख्या विणकरांच्या गावाला हातातल्या ज्ञानाची किंमत वेगळी सांगायला नको.

किट अपुरं असतं तेव्हा तर खरं काम सुरू होतं. नॅट हे विमान आपल्या हवाई दलात १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत लढलं. पण एअरफिक्सचं जुनं १/७२ चं नॅट हे ब्रिटिशांच्या दोन आसनी प्रशिक्षण विमानाचं आहे. त्याचा सांगाडा लांब, पंख मोठे. आपलं एक आसनी लढाऊ नॅट त्यातून काढायचं तर सांगाडा कापून आखूड करावा लागतो, पंख तासावे लागतात, कॉकपिट नवं घडवावं लागतं, आणि त्याआधी दोन्ही विमानांचे नकाशे शेजारी ठेवून एकेक माप ताडून पाहावं लागतं. हे करणाऱ्याला श्रीनगरवर १४ डिसेंबर १९७१ रोजी वैमानिक निर्मलजित सिंग सेखों कसलं विमान घेऊन एकटे लढले, ते किती लहान आणि किती चपळ होतं, हे पुस्तक वाचणाऱ्याहून जास्त नेमकं कळतं.

दुसरा मुद्दा युद्धाचा. दुकानात पाहिलं तर बहुतेक किट रणगाड्यांची, लढाऊ विमानांची, युद्धनौकांची आहेत. त्यांत हिटलरच्या सैन्याची यंत्रं तर फारच. मुलाच्या हातात हे देणं म्हणजे शस्त्रांची आवड लावणं नाही का? हा आक्षेप खरा आहे आणि मॉडेलकारांनी तो नीट ऐकला पाहिजे. यंत्राचा प्रत्येक बोल्ट माहीत असणं आणि त्या यंत्रानं काय केलं याची माहिती नसणं, ही या छंदातली सर्वांत वाईट अवस्था आहे. यावर उपाय यंत्र टाळणं हा नाही. त्याच्यासोबत इतिहास ठेवायला हवा. मॉडेलच्या तळपट्टीवर नावाबरोबर ते कुठे, कुणाविरुद्ध वापरलं गेलं हे लिहायची सवय लावून घेतली पाहिजे. आणि विषयांची निवडही रुंदावली पाहिजे. एअरफिक्सची सुरुवात ट्रॅक्टरनं झाली होती, हे आपण विसरायचं कारण नाही.

तिसरा मुद्दा संग्रहाचा, आणि इथे माझा रोख छंदातल्याच माणसांकडे आहे. बऱ्याच जणांच्या कपाटात न उघडलेले डबे साठत जातात. नवं किट बाजारात येतं, संपेल या भीतीनं ते घेतलं जातं, आणि जोडायला वेळ मिळत नाही. जुन्या डब्यांवरची चित्रं, दुर्मीळ साचे जपून ठेवणाऱ्याचं काम मी मानतो. तो खेळण्यांच्या उद्योगाचा इतिहास सांभाळतो. पण नुसती खरेदी हा छंद होत नाही. संग्रह कुणाला काहीतरी दाखवतो तेव्हाच त्याला अर्थ येतो. पुण्यात कोथरूडला बी. एस. जोशी यांनी उभं केलेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुलं झालं. तिथे वाफेच्या, डिझेलच्या, विजेच्या गाड्या स्टेशनं, सिग्नल आणि पूल यांच्यामधून धावताना दिसतात. एका माणसाची खाजगी आवड तिथे शहराची शाळा झाली. रेल्वेचा सिग्नल गाडीला कसा थांबवतो, दोन मार्ग एकमेकांना कसे ओलांडतात, हे तिथे मुलाला न सांगता समजतं. प्रत्येक संग्राहकाला एवढी इमारत उभी करता येणार नाही. पण आपल्या कपाटाचं दार वर्षातून एकदा शेजारच्या मुलांसाठी उघडता येईल.

चौथा मुद्दा पैशांचा. आपल्या सीमाशुल्काच्या यादीत स्केल मॉडेल ९५०३ या शीर्षकाखाली तीनचाकी सायकली आणि बाहुल्यांसोबत येतात. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ साली ७० टक्के. देशातल्या खेळणी उद्योगाला स्वस्त आयातीपासून संरक्षण मिळावं हा हेतू चांगला आहे. पण नेमक्या साच्यातून काढलेली स्केल किट बनवणारा, जपानच्या तामियाच्या तोडीचा कारखाना आपल्याकडे नाही. तेव्हा या शुल्कानं संरक्षण कुणाचंच होत नाही आणि मध्यमवर्गीय घरातलं मूल मात्र छंदाला मुकतं. शैक्षणिक साहित्य म्हणून या मॉडेलांचा वेगळा विचार व्हायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही किट महाग आहे म्हणून मॉडेल करता येत नाही, हे मला मान्य नाही. तामियाचं उदाहरणच घ्या. शिझुओका हे लाकूडकामाची जुनी परंपरा असलेलं जपानी शहर. तामियाही मुळात लाकडाच्या व्यवसायातली. आधी तिनं लाकडी मॉडेलं केली आणि १९६० साली 'यामातो' युद्धनौकेचं पहिलं प्लास्टिक किट काढलं. पुढे तिनं पँथर रणगाडा केला, तेव्हा आत मोटर आणि बॅटरी बसली पाहिजे या हिशेबानं त्याचा आकार ठरला. मग मोजून पाहिलं तर प्रमाण १/३५ च्या जवळपास निघालं, आणि आज जगभर रणगाड्यांच्या मॉडेलांचं सर्वांत रूढ प्रमाण १/३५ आहे. म्हणजे आपण ज्याला जगाचा नियम समजतो, तो एका गावातल्या कारागिरांनी स्वतःच्या अडचणीतून काढलेला मार्ग होता.

आपल्या वस्तूंना दुसऱ्यांचे नियम नेहमी लागू पडतही नाहीत. रेल्वे मॉडेलचं लोकप्रिय प्रमाण १/८७ आहे आणि त्याचा तयार रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा मिळतो. हे युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिलिमीटर रुळाचं माप आहे. बुऱ्हाणपुरावरून जाणारी मुंबई-इटारसी लाइन १,६७६ मिलिमीटरची ब्रॉडगेज. तिला १/८७ मध्ये सव्वाएकोणीस मिलिमीटर रूळ हवा. तयार रुळावर चालवलेली आपली गाडी म्हणूनच पायाशी अरुंद, अंगानं रुंद दिसते. आपला रूळ आपल्यालाच घालावा लागेल. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या पाचोरा-जामनेर नॅरोगेजचा रूळ ७६२ मिलिमीटरचा होता. १/८७ ला त्याचं माप पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास येतं आणि बाजारातला ९ मिलिमीटरचा रूळ त्याला जवळजवळ चालतो. ती गाडी मॉडेलवर जपायची असेल तर आत्ताच मोजून घेतली पाहिजे, कारण अशा लाइनींचे डबे, स्टेशनं आणि सिग्नल फार दिवस जागेवर राहत नाहीत. जहाजांचंही तेच. आपली पहिली विमानवाहू नौका 'विक्रांत' १९६१ साली नौदलात आली, १९९७ साली निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत तरंगतं संग्रहालय होती, आणि २०१४ पासून मुंबईतच तोडली गेली. आज ती पाहायची तर मुख्यतः फोटो, नकाशे आणि मॉडेल हेच उरलं आहे. त्यांपैकी तिच्या सर्व बाजूंनी फिरून पाहता येतं ते फक्त मॉडेल.

काही गोष्टी तर उभ्या असूनही दिसत नाहीत. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा ही तशी गोष्ट आहे. १६१५ साली, खानखानानच्या काळात, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांत गोळा करून उतारानं शहराकडे आणण्याची ही व्यवस्था झाली. २०२४ साली ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. जमिनीवर मात्र दिसते ती फक्त कुंड्यांच्या, म्हणजे बोगद्यात उतरणाऱ्या विहिरींच्या, ओळीनं उभ्या गोल कठड्यांची रांग. खाली जाऊन पाहिलं तरी एका वेळी एका बोगद्याचा तुकडा दिसतो. डोंगर, उतार, कुंड्या आणि शहर यांचं एकत्र नातं माणसाच्या डोळ्याला कुठूनच दिसत नाही. ते दाखवायचं साधन एकच आहे, आणि ते म्हणजे बाजूनं उभं कापलेलं मॉडेल. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात पारशी दोखम्याचं, म्हणजे मृतदेह ठेवण्याच्या मनोऱ्याचं, मॉडेल आहे. ज्या जागेत परधर्मीयाला प्रवेश नाही, तिची रचना त्यावरून कळते. कुंडी भंडाऱ्याला तशाच मॉडेलची गरज आहे. सुमारे ८० फूट खोल कुंडी १/७२ ला सुमारे १३.३ इंच होते. दोन कुंड्यांमधलं अंतर २० मीटर धरलं तर सुमारे २८ सेंटिमीटर. शंभराहून जास्त कुंड्या दाखवायच्या तर २८ मीटर लांब टेबल लागेल. मग कुंड्या कमी दाखवायच्या, की उंचीचं आणि लांबीचं प्रमाण वेगळं ठेवायचं? हा प्रश्न सोडवायला बसलेल्या वर्गाला पाणी, उतार आणि भूगोल जितका समजेल, तितका फळ्यावरच्या आकृतीतून समजणार नाही.

महाराष्ट्रातल्या मराठी मुलांना प्रतिकृती नवी नाही. दिवाळीत दारापुढे दगड-मातीचा किल्ला करणं, त्यावर हळीव पेरणं, मावळे मांडणं ही परंपराच आहे. त्या किल्ल्यात उत्साह असतो, कल्पना असते, पण बहुतेक वेळा माप नसतं. तेवढं माप आणलं तर हा सण इतिहासाचा आणि गणिताचा सर्वांत मोठा वर्ग होईल. बुऱ्हाणपूरपासून सुमारे २० किलोमीटरवर असीरगड आहे. अकबरानं तो १६०१ साली मोठ्या वेढ्यानंतर घेतला. मराठ्यांच्या ताब्यातून इंग्रजांनी तो १८१९ साली घेतला. पायथ्यापासून २६० मीटरच्या आसपास उंच असलेला हा डोंगर १/१००० ला २६ सेंटिमीटर उंच होतो. त्यावर असीरगड, कमरगड आणि मलयगड हे तीन टप्पे आपापल्या पातळीवर बसवले आणि शेजारून उत्तरेकडे जाणारी वाट काढली, की या गडाला दक्षिणेचं दार का म्हणत, हे मुलाला विचारावं लागणार नाही.

याच शहरात २०२१ साली एका गृहस्थांनी पत्नीसाठी ताजमहालाच्या घाटाचं, मूळच्या सुमारे एक तृतीयांश आकाराचं घर बांधलं. देशभर त्याची बातमी झाली. ती इच्छा मोठ्या प्रेमाची आहे. पण शहरानं स्वतःकडे पाहायचं असेल तर आग्र्याकडे जायची गरज नाही. काला ताजमहल, कुंडी भंडारा आणि असीरगड इथेच आहेत.

म्हणून माझं मागणं साधं आहे. बुऱ्हाणपूर, रावेर, मुक्ताईनगर या पट्ट्यातल्या शाळांनी येत्या वर्षी एक वास्तू निवडावी. मुलांनी टेप आणि वही घेऊन तिथे जावं, जेवढी मापं नियमात बसून घेता येतील तेवढी घ्यावीत, प्रमाण ठरवावं आणि पुठ्ठा किंवा सनबोर्डवर ती बांधावी. ज्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे, तिनं थ्रीडी प्रिंटरवर तयार खेळणी काढण्याऐवजी कुंडीचा कठडा आणि कबरीचा मिनार काढावा. ज्यांच्या घरी न उघडलेली किट आहेत, त्यांनी त्यांतलं एक एखाद्या मुलासोबत बसून जोडावं. सॉल्व्हंट आणि लॅकर वापरताना खिडकी उघडी ठेवावी, आणि लहान मुलांना पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंगच द्यावेत. आणि जे पालक याला वेळेचा अपव्यय समजतात, त्यांनी एकदा आपल्या मुलाला एखाद्या गोष्टीचं माप घेताना पाहावं. आपला वारसा सांभाळायचा तर तो आधी ओळखीचा व्हायला हवा, आणि ती ओळख हातात टेप घेतल्याशिवाय होणार नाही.